विश्लेषण : बातम्यांत रोज ‘फुटणारे’ पेव नेमके असते तरी काय? हरिपूरच्या मातीत हळद वर्षानुवर्षे कशी टिकते?

खासगी शिकवण्यांचे पेव फुटले, अनधिकृत फलकांचे पेव फुटले, बनावट अ‍ॅपचे पेव फुटले. बातम्यांत हे वाक्य तुम्ही शेकडो वेळा वाचले असेल. आमच्या डेस्कवरून ते आठवड्यातून एकदा तरी जातेच. पण पेव म्हणजे काय, असे विचारले तर शहरातल्या बहुतेकांना सांगता येत नाही. अभियांत्रिकीची चार वर्षे काढून पत्रकारितेत आलेल्या प्रस्तुत लेखकालाही ते येत नव्हते. सांगलीत मात्र याचे उत्तर शहराला लागूनच, जमिनीखाली आहे. हरिपूरची हळदीची पेवे ही वीज, रसायन किंवा यंत्र यांच्याशिवाय चालणारी गोदामे आहेत. त्यांचे विज्ञान थक्क करणारे आहे. पण त्याच विज्ञानात माणसाचा जीव घेणारा धोकाही दडलेला आहे आणि तो फक्त हरिपूरपुरता नाही. तुमच्या गावातल्या पडक्या विहिरीलाही तो तितकाच लागू पडतो.

पेव म्हणजे काय?

पेव म्हणजे धान्य किंवा शेतमाल साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा. पण तो साधा चौकोनी खड्डा नाही. जमिनीत पुरलेला मोठा रांजण डोळ्यांसमोर आणा. वर तोंड अगदी अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढे. खाली पोट मात्र ऐसपैस. खोली साधारण वीस-पंचवीस फूट. आतून भिंती शेणमातीने सारवलेल्या. तळाला आणि बाजूंनी वाळलेला पाला, गवत किंवा चटया यांचा थर. त्यात माल भरायचा, तोंडावर दगडी फरशी किंवा झाकण बसवायचे, वर माती लिंपायची आणि हवा जाणार नाही असे बंद करायचे. एका पेवात कित्येक टन माल मावतो.

पूर्वी दख्खनच्या कोरड्या भागात ज्वारी अशीच ठेवली जायची. घरातल्या रोजच्या वापराला कणगी आणि दुष्काळाच्या बेगमीला पेव, असा हिशेब होता. सीमेपलीकडे कर्नाटकात याच खड्ड्यांना ‘हगेवु’ म्हणतात. भरलेले पेव फुटले की आतला माल एकदम बाहेर सांडणार. त्यावरूनच एखाद्या गोष्टीचा अचानक सुळसुळाट झाला की ‘पेव फुटले’ म्हणण्याची पद्धत पडली. ज्वारीची पेवे बुजली, वाक्प्रचार मात्र टिकला.

हरिपूरच का?

सांगली शहराला खेटून, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर वसले आहे. संगमेश्वराचे मंदिर आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मगाव ही त्याची ओळख. तिसरी ओळख पेवांची. सांगली ही देशातल्या हळदीच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक. इथे हळदीचे वायदे बाजारही चालले. बाजारात माल येतो तो वर्षातल्या ठरावीक तीन-चार महिन्यांत, मागणी मात्र बाराही महिने. मग मधल्या काळात हळद ठेवायची कुठे? भाव पडलेला असेल तर तो चढेपर्यंत थांबायचे कसे? याचे उत्तर व्यापाऱ्यांना हरिपूरच्या मातीत सापडले.

इथल्या नदीकाठच्या जमिनीचा गुण असा की, ती खणली तरी सहज ढासळत नाही आणि पावसाचे पाणी आत सहजी झिरपू देत नाही. चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. त्यातून पाणी आणि हवा दोन्ही फार मंद गतीने जातात. पेवाला नेमके हेच हवे असते.

आकारामागेही हिशेब आहे. माती दाब सहन करते, पण ताण सहन करत नाही. चौकोनी खड्ड्याची सरळ भिंत आतल्या बाजूला ढकलली जाते आणि कोसळते. गोल भिंतीवर चहूबाजूंनी सारखा दाब येतो, त्यामुळे मातीच मातीला धरून ठेवते. विहीर गोल असते ती याच कारणाने. अरुंद तोंडाचा फायदा आणखी सरळ आहे. जेवढे तोंड लहान, तेवढी हवाबंद करायची जागा कमी.

हळद पेवात जाण्याआधी काय होते?

शेतातून काढलेली ओली हळद तशीच पेवात टाकली तर ती आठवडाभरात सडेल. हळदीची लागण साधारण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होते आणि आठ-नऊ महिन्यांनी, जानेवारीपासून काढणी सुरू होते. काढलेली हळद शिजवतात. पूर्वी त्यासाठी मोठ्या काहिली असत, आता वाफेचे कुकर आले आहेत. शिजवल्यामुळे तीन गोष्टी होतात. कंद मरतो, त्यामुळे त्याला पुन्हा कोंब फुटत नाही. आतला स्टार्च शिजून घट्ट होतो. आणि पिवळा रंग सगळ्या हळकुंडात सारखा पसरतो.

नंतर ती दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात. ओल्या हळदीचा मोठा भाग पाणीच असते. वाळल्यावर वजन साधारण पाचवा हिस्सा उरते आणि ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास येतो. मग ड्रममध्ये घोळून वरची साल काढली की हळकुंडाला चकाकी येते. ही खणखणीत वाळलेली हळदच पेवात जाते. पेव चमत्कार करत नाही. आधी केलेले काम बिघडू न देणे एवढेच त्याचे काम.

बंद पेवात नेमके काय घडते?

वाळलेल्या हळदीचे शत्रू चार. ओलावा, उजेड, उष्णता आणि कीड. यातल्या तिघांचा बंदोबस्त माती करते.

उजेड आत जातच नाही. हळदीला रंग देणारे कर्क्युमिन उजेडात हळूहळू विरते. मसाल्याची बरणी खिडकीत ठेवली की हळद फिकी पडते, ते यामुळेच. उष्णतेचेही तसेच. सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, थंडीत पहाटे बराच खाली येतो. पण जमीन ही उष्णतेची मंद वाहक. दिवस-रात्रीचा फरक तीन-चार फुटांखाली जाणवत नाही. वीस-पंचवीस फुटांवर तर उन्हाळा-हिवाळ्यातला फरकही जवळपास संपतो आणि तापमान वर्षभराच्या सरासरीपाशी, म्हणजे पंचविशीच्या आसपास, स्थिरावते. पत्र्याचे गोदाम मे महिन्यात भट्टीसारखे तापते, पेव तापत नाही. ओलावा रोखण्याचे काम चिकणमाती, शेणमातीचा लेप आणि पाल्याचा थर मिळून करतात.

उरला चौथा शत्रू, कीड. हळकुंड पोखरणारे मुख्य दोन भुंगेरे आहेत. एक ‘सिगारेट बीटल’. तंबाखूपासून मसाल्यांपर्यंत काहीही खाणारा, त्यावरून हे नाव. दुसरा ‘ड्रगस्टोअर बीटल’, जो वाळलेल्या औषधी वनस्पतींवरही ताव मारतो. दोघेही जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे. उघड्या पोत्यात यांची पैदास झाली की हळकुंडाची चाळण होते. अशा किडीसाठी गोदामात विषारी धुरी द्यावी लागते. पेवात तशी गरज पडत नाही. कारण तिथे हवाच किड्यांच्या विरोधात जाते.

समजा, हळद भरल्यावर हळकुंडांच्या फटींत २० घनमीटर हवा उरली. हवेत प्राणवायू २१ टक्के, म्हणजे आत सुमारे ४ घनमीटर प्राणवायू. तोंड बंद झाले की शिधा एवढाच. मालासोबत गेलेले किडे, त्यांच्या अळ्या, बुरशी, शेणमातीतले जिवाणू हे सगळे त्याच शिध्यावर श्वास घेतात. आजूबाजूच्या मातीतल्या हवेतही जिवाणू आणि मुळांमुळे कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. दिवस जातात तसा प्राणवायू घटत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो.

ज्वारीच्या पेवात याला आणखी एक मदतनीस असतो. ज्वारीचा दाणा जिवंत असतो, त्यामुळे तो स्वतःही श्वास घेतो आणि प्राणवायू संपवतो. हळद शिजवलेली, म्हणजे मेलेली. ती श्वास घेत नाही. तिथे प्राणवायू संपवण्याचे काम मुख्यतः कीड, बुरशी आणि जिवाणूच करतात. म्हणजे जितकी कीड जास्त, तितकी हवा लवकर संपणार. किडे स्वतःच्या श्वासाने स्वतःचा शेवट ओढवून घेतात.

किडे गुदमरून मरतात की तहानेने?

प्राणवायू संपला म्हणजे किडे गुदमरून मेले असणार, असे कोणालाही वाटेल. संशोधकांनाही बराच काळ तसेच वाटत होते. पण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ लॅरी मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवळीतल्या भुंगेऱ्यांवर प्रयोग केले आणि २०१२ मध्ये वेगळेच उत्तर मांडले. हवाबंद साठ्यात किडे मरतात ते प्रामुख्याने तहानेने.

हे समजण्यासाठी शाळेतले एक समीकरण आठवा. साखर अधिक प्राणवायू, बरोबर कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी. आपले शरीर अन्न जाळते तेव्हाही थोडे पाणी तयार होते. आपल्याला ते पुरत नाही, म्हणून आपण तांब्याने पाणी पितो. पण कोरड्या धान्यात किंवा मसाल्यात जन्म काढणाऱ्या किड्याला पाणी मिळणार कुठून? तो आयुष्यभर मुख्यतः याच ‘घरच्या’ पाण्यावर जगतो. वाळवंटातले काही उंदीरवर्गीय प्राणीही असेच जगतात. अमेरिकेतला कांगारू रॅट त्यासाठी प्रसिद्ध आहे.

आता प्राणवायूच संपला, तर अन्न समोर असूनही ते जाळता येत नाही. अन्न जळत नाही म्हणजे पाणी तयार होत नाही. वर आणखी एक संकट. किड्यांच्या अंगावर श्वासाची सूक्ष्म छिद्रे असतात आणि पाणी वाचवण्यासाठी ते ती एरवी बंद ठेवतात. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही छिद्रे उघडीच राहतात आणि अंगातले उरलेसुरले पाणीही उडून जाते. किडा आधी खाणे थांबवतो, मग त्याची वाढ थांबते, मग तो सुकून मरतो. हा प्रयोग चवळीतल्या किड्यांवरचा असला, तरी कोरड्या मालावर जगणाऱ्या सगळ्याच किड्यांची ही कोंडी आहे.

हरिपुरात पहिले पेव खणणाऱ्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला एवढेच माहीत होते की, तोंड नीट लिंपले की हळद पोखरली जात नाही.

ही युक्ती फक्त आपलीच का?

नाही, आणि ती फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वसाहतीत धान्य साठवण्याचे खड्डे सापडले. म्हणजे पेव हे महाराष्ट्रात किल्ल्यांपेक्षा आणि लेण्यांपेक्षाही जुने.

बाहेरच्या जगातही हीच युक्ती दिसते. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर सतराव्या शतकात नाइट्स राज्यकर्त्यांनी खडकात घंटेच्या आकाराची कोठारे खोदली आणि त्यांची तोंडे गोल दगडांनी बंद केली. फ्लोरिआना शहरातल्या ज्या चौकात आज संगीताचे मोठे कार्यक्रम होतात, त्या चौकाखाली ही कोठारे आहेत. इटलीतल्या चेरिन्योला गावात गव्हाच्या अशा शेकडो खड्ड्यांचे मैदानच जपलेले आहे. इंग्लंडमध्ये पीटर रेनॉल्ड्स या पुरातत्त्वज्ञाने बटसर येथील प्रायोगिक शेतावर लोहयुगातल्यासारखे खड्डे खणून त्यात धान्य ठेवून पाहिले. झाकणाजवळच्या थोड्या दाण्यांना ओलाव्याने कोंब फुटले, त्यांनी आतला प्राणवायू संपवला आणि खालचे सगळे धान्य शांत पडून राहिले. वरच्या थराने स्वतःचा बळी देऊन खालचा साठा वाचवला.

या लोकांनी एकमेकांचे पाहून हे केले असे मानायचे कारण नाही. किडीचा त्रास सगळीकडे सारखा, जमिनीचे नियम सगळीकडे सारखे, म्हणून उत्तरही सारखे निघाले.

पेवात उतरणे धोक्याचे का?

इथे गोष्ट उलटी फिरते. जी हवा किड्याला मारते, ती माणसाला ओळखत नाही. अनेक महिने बंद राहिलेले पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. तो तळाशी साचतो. त्याला रंग नाही. पेवात हळदीचा घमघमाट असतो, त्यामुळे काही वेगळे जाणवण्याची शक्यता आणखी कमी. आणि ज्या अरुंद तोंडामुळे माल सुरक्षित राहतो, त्याच तोंडामुळे वारा आत खेळत नाही. मालाला तारणारी रचनाच माणसाला मारू शकते.

म्हणूनच पेव उघडण्याची रीत ठरलेली आहे. आधी झाकण काढायचे आणि काही तास तसेच उघडे ठेवायचे. मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचे. तो तळापर्यंत जळत राहिला तरच माणसाने उतरायचे. ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि तिने कित्येक जीव वाचवले असणार.

कंदिलाची परीक्षा कितपत भरवशाची?

प्रश्न नाजूक आहे, पण आकडे मांडून पाहू. हवेत प्राणवायू २१ टक्के. तो साधारण १६ टक्क्यांपर्यंत घसरला की ज्योत विझते. बंद पेवात कमी झालेल्या प्राणवायूची जागा बहुतांशी कार्बन डायऑक्साइड घेतो. म्हणजे ज्योत विझते त्या क्षणी आत सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असू शकतो. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या ‘निऑश’ या सरकारी संस्थेने ४ टक्के कार्बन डायऑक्साइड ही जिवाला तातडीने धोका असलेली पातळी ठरवली आहे. १० टक्क्यांवर तर काही मिनिटांत शुद्ध हरपते.

याचा अर्थ काय? कंदील विझला तर धोका नक्की आहे. पण कंदील जळतोय म्हणजे धोका नाहीच, असे होत नाही. प्राणवायू १७ टक्के असताना ज्योत मंद का होईना, जळत राहील आणि त्या हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असू शकेल. त्यामुळे कंदिलावर विसंबून लगेच उतरणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्यासारखे आहे. पूर्वीच्या रीतीत कंदिलाच्या आधी काही तास झाकण उघडे ठेवायचे, ते यासाठीच महत्त्वाचे. दोन्ही मिळून एक पद्धत होती. त्यातली एक पायरी गाळली की उरलेली अर्धीच सुरक्षा.

आता खरी मेख. हल्ली कंदील घरात असतो कुठे? उजेड हवा म्हणून आपण मोबाइलचा टॉर्च लावतो किंवा बॅटरी घेऊन उतरतो. टॉर्च प्राणवायूवर चालत नाही. आत हवा असो वा नसो, तो लखलखीत जळत राहतो. कंदील दोन कामे करत होता. एक उजेड देण्याचे आणि दुसरे हवा मोजण्याचे. आपण उजेडाचा पर्याय आणला आणि दुसरे काम कोणाच्या लक्षातही न येता बंद पडले.

हा धोका पेवापुरता नाही. सातारा-सांगलीत मोटार काढायला किंवा गाळ उपसायला जुन्या विहिरीत उतरणारे, बायोगॅसची टाकी, शौचालयाची टाकी किंवा मळीची टाकी साफ करणारे, सगळ्यांना तो लागू आहे. काही टाक्यांत तर मिथेन किंवा हायड्रोजन सल्फाइड असतो. तिथे पेटता कंदील सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. त्यामुळे कंदिलाची रीत जशीच्या तशी दुसरीकडे वापरू नये. प्राणवायू आणि विषारी वायू मोजणारे खिशात मावणारे मीटर आता बाजारात मिळतात. अशा ठिकाणी माणसे उतरवणाऱ्या प्रत्येकाकडे ते असायलाच हवे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. बंदिस्त जागेतल्या मृत्यूंबद्दल ‘निऑश’ने १९८६ मध्ये इशारा दिला होता. त्यात म्हटले होते की, अशा ठिकाणी मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक हे आधी पडलेल्याला वाचवायला उतरलेले होते. भाऊ पडला म्हणून भाऊ उतरतो, बाप पडला म्हणून मुलगा. आपल्याकडच्या विहिरींच्या बातम्यांतही हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो.

मग पेवे कमी का झाली?

मुख्य कारण महापूर. जमिनीत झिरपणारे पाणी चिकणमाती रोखते, पण नदीच वरून तोंडात शिरली तर कोणती माती टिकणार? २००५ च्या महापुरात हरिपूरची पेवे पाण्याखाली गेली. हळद भिजली, अनेक पेवे ढासळली. त्यानंतर व्यापाऱ्यांचा ओढा गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. पेवांसाठी उत्तम माती देणारी नदीच त्यांच्या मुळावर उठली.

इतर कारणेही आहेत. पेवात सुटी हळद भरायची आणि काढायची तर अंगमेहनत भरपूर. ते कसब असलेली माणसे कमी होत गेली. सांगली वाढत हरिपुरापर्यंत आली, जागेला भाव आला. २००७ च्या गोदाम कायद्यानंतर नोंदणीकृत गोदामाच्या पावतीवर बँकेचे कर्ज मिळणे सोपे झाले. जमिनीखालच्या खड्ड्यातल्या मालाची किंमत बँकेला पटवणे अवघड. गोदामात माल हवा तेव्हा पाहता येतो, थोडा थोडा काढता येतो. पेव एकदा उघडले की आतली हवा बदलते आणि सगळी किमया संपते. त्यामुळे व्यापाऱ्यांनी पेव सोडले, यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

युक्ती संपली का?

पेव कमी झाले, युक्ती मात्र जगभर नव्या रूपात फिरते आहे. ज्या मर्डॉक यांनी किड्यांची तहान शोधली, त्यांनीच त्याआधी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात चवळी साठवण्याची एक सोपी पद्धत विकसित केली होती. बाहेर साधे विणलेले पोते, आत प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्या, तिन्हींची तोंडे वेगवेगळी घट्ट बांधायची. ‘पिक्स’ नावाने ओळखली जाणारी ही पिशवी आज आफ्रिका आणि आशियातल्या अनेक देशांत वापरली जाते. औषध नाही, वीज नाही. तत्त्व तेच, फक्त चिकणमातीच्या जागी प्लास्टिक. पुराचे पाणी आले तर ही पिशवी उचलून माळ्यावरही नेता येते.

छोट्या शेतकऱ्यासाठी याला महत्त्व आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये देशात ११.६१ लाख टन हळद पिकली, म्हणजे जगाच्या उत्पादनाच्या ७५ टक्क्यांहून अधिक. २०२५ च्या जानेवारीत निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळही सुरू झाले. पण काढणीनंतर बाजारात एकदम आवक होते आणि भाव पडतो, ही तक्रार जुनीच आहे. ज्याच्याकडे माल टिकवण्याची सोय, त्याला थांबता येते. ज्याच्याकडे नाही, त्याला मिळेल त्या भावात विकावे लागते. पेवांनी व्यापाऱ्याला थांबण्याची ताकद दिली. हवाबंद पिशवी तीच ताकद शेतकऱ्याच्या घरात आणू शकते.

यातून लक्षात काय ठेवायचे?

हळदीच्या बाबतीत आपण एक धडा आधीच शिकलो आहोत. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ती लढाई जिंकता आली, कारण जुने लेखी पुरावे दाखवता आले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाला संरक्षण आले. पेव कसे खणायचे, माती कशी ओळखायची, तोंड कसे लिंपायचे, उघडल्यावर किती थांबायचे, हे मात्र अजूनही बरेचसे जाणत्या हातांतच आहे. सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र आहे, शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. पेवातल्या वायूंचे, तापमानाचे, ओलाव्याचे वर्षभराचे मोजमाप हा विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखा प्रकल्प आहे. उरलेली पेवे आहेत तोवर तो करता येईल.

कारण जुनी युक्ती मोडीत निघते तेव्हा फक्त खड्डा बुजत नाही. तिच्याभोवतीची सावधगिरीही बुजते. कंदील गेला आणि त्याच्यासोबत तो का सोडायचा हेही गेले, तसेच.

तेव्हा पुढच्या वेळी बातमीत ‘पेव फुटले’ वाचाल तेव्हा हरिपूर आठवा. आणि जुन्या विहिरीत, टाकीत किंवा पेवात कोणी उतरणार असेल, तर एवढे नक्की करा :

- झाकण उघडून काही तास थांबा. शक्य असेल तर पंख्याने किंवा ब्लोअरने आत ताजी हवा सोडा.
- गॅस मीटरने तपासल्याशिवाय उतरू नका. मोबाइलचा टॉर्च हवेची खात्री देत नाही.
- एकट्याने कधीही उतरू नका. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर ओढायला किमान दोन माणसे हवीत.
- आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्या मागे उडी मारू नका. दोराने वर ओढा आणि ११२ किंवा १०८ वर लगेच फोन करा.